उबेचा हिशेब

बर्फाची हातगाडी उन्हात उभी असते. बर्फवाला लादीवर लाकडाचा भुसा पसरतो, त्यावर गोणपाट टाकतो आणि निर्धास्तपणे गिऱ्हाइकांची वाट पाहतो. थंडीच्या रात्री आपण गोधडी पांघरतो ती ऊब यावी म्हणून, आणि हा गृहस्थ बर्फाला पांघरूण घालतो ते बर्फ गार राहावा म्हणून! वर्गात हा प्रश्न जरूर विचारून पाहावा. ‘गोधडी गरम असते’ असे ठामपणे सांगणारी मुले आठवी-नववीतही भेटतात, आणि त्यांची ही समजूत नुसती व्याख्या सांगून जात नाही.

गोधडी गरम नसते आणि भुसा गार नसतो. दोन्ही फक्त उष्णतेची वाट अडवतात. मग ती आतून बाहेर जाणारी असो की बाहेरून आत येणारी. आणि ही अडवणूक कापड किंवा लाकूड फारशी करत नाही, करते ती त्यांच्यात अडकलेली हवा. स्थिर हवा उष्णतेची अत्यंत मंद वाहक आहे. वीट हवेच्या पंचवीस-तीस पट उष्णता वाहते, साधे पोलाद सुमारे दोन हजार पट. काच हवेच्या चाळीस पट, पण त्याच काचेचे बारीक धागे काढून त्यांची लोकर केली की तिची वाहकता हवेच्या दीडपटीवर येते, कारण त्या लोकरीत काच थोडी आणि हवा फार. हवेचा दोष एकच. तिला मोकळे सोडले की ती हलते, तापली की वर जाते आणि उष्णता स्वतःबरोबर घेऊन जाते. म्हणून तिला लहान लहान कप्प्यांत कोंडायचे. उष्णतारोधनाचे सारे शास्त्र या कोंडण्यात आहे.

या इतक्या साध्या गोष्टीवर काही देशांची सरकारे गेली चाळीस-पन्नास वर्षे कोट्यवधींचा पैसा खर्च करत आहेत. गरिबांच्या घरांच्या माळ्यांवर काचेची लोकर अंथरायची, पोकळ भिंती भरायच्या, दारा-खिडक्यांच्या फटी बुजवायच्या, आणि त्याचे बिल सरकारने द्यायचे. आपल्याला, निदान सह्याद्रीच्या अलीकडे-पलीकडे राहणाऱ्यांना, हा प्रकार नवलाचा वाटेल. पण त्यात भौतिकशास्त्र आहे, वैद्यक आहे, संख्याशास्त्र आहे आणि ‘मदत नेमकी कोणाला पोहोचते’ हा आपल्या ओळखीचा प्रश्नही आहे. म्हणून हा विषय थोडा खोलात जाऊन पाहू.

आधी गणित

एक लहान ब्रिटिश घर घ्या. छपराखाली माळा, माळ्याचे क्षेत्रफळ ५० चौरस मीटर. बाहेर तापमान ३ अंश सेल्सिअस, खोलीत १८ अंश. म्हणजे फरक १५ अंशांचा. माळ्यावर काहीही अंथरलेले नसेल तर छताचा उष्णतारोध साधारण ०.४३ असतो. (रोधाचे एकक चौरस मीटर-अंश प्रति वॅट असे लांबलचक आहे, ते फळ्यावर एकदा लिहावे आणि पुढे जावे.) क्षेत्रफळाला तापमानाच्या फरकाने गुणायचे आणि रोधाने भागायचे, की उष्णता किती वेगाने निसटते ते वॅटमध्ये मिळते. ५० गुणिले १५ म्हणजे ७५०; भागिले ०.४३ म्हणजे सुमारे १,७४४ वॅट. पावणेदोन किलोवॅटचा हीटर अखंड चालू ठेवला तरी तो केवळ छताच्या वाटेने जाणारी गळती भरून काढील.

आता माळ्यावर ५० मिलिमीटर जाडीची काचेची लोकर अंथरू. तिची वाहकता ०.०४ धरू. जाडी मीटरमध्ये घेऊन वाहकतेने भागली की रोध मिळतो: ०.०५ भागिले ०.०४ म्हणजे १.२५. तो मूळच्या ०.४३ मध्ये मिळवला की एकूण रोध १.६८, आणि गळती सुमारे ४४६ वॅट. पाच सेंटिमीटरच्या थराने जवळजवळ १,३०० वॅट वाचले. थर १०० मिलिमीटरचा केला तर गळती २५६ वॅटवर येते, २७० मिलिमीटरचा केला तर १०४ वॅटवर. म्हणजे पहिल्या पाच सेंटिमीटरनी १,३०० वॅट वाचवले, पुढच्या पाचांनी १९०, आणि त्यानंतरच्या तब्बल सतरा सेंटिमीटरनी मिळून केवळ १५०. हा आलेख मुलांकडून काढून घेण्यासारखा आहे. आधी झपकन उतरतो, मग जवळजवळ आडवा होतो.

या वक्ररेषेत धोरणाची एक गोष्ट लपलेली आहे. सरकारजवळ ठरावीक लोकर असेल, तर ती थोड्या घरांवर जाड अंथरण्यापेक्षा जास्त घरांवर पातळ अंथरली तर एकूण बचत कितीतरी अधिक होईल. ज्या घरावर काहीच नाही, तिथला पहिला थर सर्वांत मोलाचा. आणि ज्या घरावर काहीच नाही ते घर बहुधा कोणाचे असते, हे सांगायला नको.

स्वस्त आहे, तर मग लोक करत का नाहीत?

माळ्यावर लोकर अंथरण्याचा खर्च इंधनाच्या बचतीतून काही वर्षांत भरून निघतो. मग अनुदान कशाला? अर्थशास्त्राच्या पुस्तकातला शहाणा माणूस स्वतः होऊन हे काम करून घेईल. पण त्या शहाण्या माणसाजवळ एकरकमी पैसे असतात. ज्याचा आठवड्याचा पगार आठवड्यातच संपतो, त्याला तीन वर्षांनी मिळणाऱ्या बचतीचा आजच्या खर्चासाठी काही उपयोग नाही. गरीब कुटुंबाला महाग ऊब विकत घ्यावी लागते, कारण स्वस्त ऊब घेण्याइतके भांडवल त्याच्याजवळ नाही. किराणा सुटा आणावा लागणाऱ्या घराला तो महिन्याचा भरणाऱ्या घरापेक्षा महाग पडतो, त्यातलाच हा प्रकार.

दुसरी अडचण भाडेकरूची. घर मालकाचे, बिल भाडेकरूचे. लोकर मालकाने घालायची आणि बचत भाडेकरूची व्हायची; मालक कशाला घालील? आणि उद्या घर सोडावे लागले तर भाडेकरू तरी दुसऱ्याच्या माळ्यावर पैसे कशाला पसरील? संशोधनाच्या निमित्ताने मी काही काळ उत्तर इंग्लंडमध्ये अशा एका भाड्याच्या घरात राहत होते. विजेचा मीटर आगाऊ पैसे भरण्याचा होता. दुकानात जाऊन किल्लीत पैसे भरून आणायचे, ती मीटरला लावायची. पैसे संपले की दिवे आणि हीटर एकदमच बंद. शेजारच्या आजीबाई संध्याकाळी सहानंतर हीटर बंद करून अंथरुणात शिरत आणि तिथूनच टीव्ही पाहत. त्यांचे बिल फार कमी येई. हे कमी बिल लक्षात ठेवावे, कारण पुढे ते एका मोठ्या कोड्याच्या मुळाशी आहे.

१९७३ च्या तेलसंकटाने पाश्चात्त्य देशांना आपल्या घरांकडे पाहायला लावले. अमेरिकेने १९७६ मध्ये कमी उत्पन्नाच्या घरांसाठी मोफत रोधनाची योजना कायद्याने सुरू केली. ती आजही चालू आहे. ब्रिटनने १९७८ मध्ये खास कायदा करून माळ्यावरच्या थरासाठी स्थानिक संस्थांमार्फत अनुदान देण्यास सुरुवात केली. अनुदान खर्चाच्या सुमारे दोन तृतीयांश, आणि तेही एका मर्यादेपर्यंत. म्हणजे उरलेला तिसरा हिस्सा कुटुंबाने भरायचा. ज्याला तो भरता येत होता त्याला अनुदान मिळाले. १९९१ मध्ये गरीब कुटुंबांसाठी वेगळी योजना आली, फटी बुजवणे आणि माळ्यावरचा थर यांसाठी, आणि २००० मध्ये तिचे रूप पालटून ‘वॉर्म फ्रंट’ नावाची इंग्लंडमधली मोठी योजना उभी राहिली. ती जानेवारी २०१३ पर्यंत चालली आणि सुमारे २३ लाख घरांपर्यंत पोहोचली.

दहा टक्क्यांची रेघ

दरम्यान १९९१ साली ब्रेंडा बोर्डमन यांचे इंधन-दारिद्र्यावरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. साधे दारिद्र्य आणि इंधन-दारिद्र्य यांत त्यांनी फरक केला. दारिद्र्यावर उत्पन्न वाढवणे हा उपाय असू शकतो. पण घरच गळके असेल तर दिलेला पैसा भिंतींतून आणि छपरातून निघून जातो. तिथे घर सुधारणे हाच टिकाऊ उपाय. त्यांनी मांडलेली व्याख्या पुढे सरकारनेही स्वीकारली: घर पुरेसे उबदार ठेवण्यासह सर्व घरगुती इंधनावर ज्या कुटुंबाला उत्पन्नाच्या दहा टक्क्यांहून अधिक खर्च करावा लागेल, ते कुटुंब इंधन-दरिद्री.

यातला ‘करावा लागेल’ हा शब्दप्रयोग महत्त्वाचा आहे. समजा, एका पेन्शनर बाईंचे उत्पन्न आठवड्याला १५० पौंड आहे. घर नीट उबदार ठेवायचे तर २० पौंडांचे इंधन लागेल, पण त्या काटकसर करून ११ पौंडांतच भागवतात. प्रत्यक्ष खर्च पाहिला तर तो उत्पन्नाच्या ७ टक्क्यांच्या आसपास. बाई सुखात आहेत असे वाटेल. गरज पाहिली तर १३ टक्क्यांहून अधिक. जो गारठून पैसे वाचवतो, त्याला प्रत्यक्ष खर्चाचा हिशेब श्रीमंत ठरवतो! मोजमापाची निवड ही निव्वळ तांत्रिक बाब नसते, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे आठवत नाही.

या व्याख्येचा एक तोटाही झाला. इंधनाचे भाव हलले की इंधन-दरिद्री कुटुंबांची संख्या हलते. संपूर्ण ब्रिटनमध्ये १९९६ साली ती सुमारे ६५ लाख होती. भाव उतरल्यामुळे आणि उत्पन्ने वाढल्यामुळे २००४ पर्यंत ती २० लाखांच्या आसपास आली. मग वायू आणि वीज महागली आणि २००९ मध्ये ती पुन्हा ५५ लाखांच्या घरात गेली. या काळात लाखो घरांवर थर अंथरले जातच होते. २०१६ पर्यंत इंग्लंडमधून इंधन-दारिद्र्य शक्य तितके नाहीसे करण्याचे उद्दिष्ट २००१ मध्ये जाहीर झाले होते. ते गाठता येत नाही हे दिसू लागले, तेव्हा २०१३ मध्ये व्याख्याच बदलली आणि पाठोपाठ उद्दिष्टाचे साल २०३० वर गेले. नव्या व्याख्येच्या बाजूनेही काही मुद्दे आहेत, नाही असे नाही. पण परीक्षेच्या मध्येच मोजपट्टी बदलणे शिक्षकांना तरी रुचू नये.

गारठा आजारी कसा पाडतो

गारठलेल्या घरात माणूस नुसता कुडकुडत नाही. त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, रक्त किंचित दाट होते. हृदयविकार असलेल्या म्हाताऱ्या माणसाला एवढे पुरते. श्वसनमार्गाची जंतूंना अडवण्याची ताकदही गार हवेने घटते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये थंड हवामानाच्या प्रदेशांतील घरांसाठी किमान १८ अंशांची शिफारस केली आहे.

हिवाळ्यात मृत्यू वाढतात हे जुनेच निरीक्षण आहे. पण ते कोठे अधिक वाढतात? आपण म्हणू, जिथे थंडी जास्त तिथे. १९८८ ते १९९७ या काळातील चौदा युरोपीय देशांची तुलना २००३ मध्ये प्रसिद्ध झाली, तिने वेगळेच दाखवले. हिवाळ्यातली वाढ पोर्तुगालमध्ये २८ टक्के, स्पेन आणि आयर्लंडमध्ये २१, ब्रिटनमध्ये १८, आणि बर्फाच्या फिनलंडमध्ये अवघी १०. फिनलंडमध्ये घरे दाट थरांची आणि खिडक्या अनेक काचांच्या असतात. पोर्तुगालमध्ये ‘आमच्याकडे कुठे एवढी थंडी’ म्हणून घर तसेच बांधलेले असते. मृत्यूंमागे फ्ल्यूच्या साथींपासून अनेक कारणे असतात, हे खरे. तरीही माणूस बाहेरच्या हवामानात जगत नाही, घरातल्या हवामानात जगतो, हे या आकड्यांतून दिसते.

दुसरा शत्रू ओल. २० अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम वाफ मावते, १० अंशांच्या हवेत साडेनऊच ग्रॅम. स्वयंपाक, आंघोळ, वाळत घातलेले कपडे आणि माणसांचे श्वास यांनी घरातल्या हवेत वाफ भरत असते. अशा हवेत घनमीटरला बारा ग्रॅम वाफ असेल आणि ती दहा अंशांच्या उघड्या भिंतीला टेकली, तर अडीच ग्रॅम पाणी भिंतीवर उतरते. तांब्यात गार पाणी ओतल्यावर बाहेरून दव धरते, तसेच. मग कोपऱ्यात, कपाटामागे काळी बुरशी वाढते आणि मुलांच्या छातीत घरघर सुरू होते. धुराडे नसलेली गॅसची शेगडी खोलीत पेटवली तर आणखी भर. प्रोपेनचा एक रेणू जळताना पाण्याचे चार रेणू तयार होतात. ४४ ग्रॅम वायूपासून ७२ ग्रॅम पाणी. रसायनशास्त्राच्या तासाला हे समीकरण संतुलित करून घेताना ‘हे पाणी जाते कुठे?’ असे विचारायला हरकत नाही.

बचत गेली कुठे?

आता ते कोडे. वॉर्म फ्रंटच्या घरांची शास्त्रज्ञांनी मोजणी केली. पोकळ भिंती भरणे आणि माळ्यावर थर घालणे यांमुळे घर तापवण्याचे इंधन गणितानुसार जवळजवळ निम्म्याने कमी व्हायला हवे होते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत ते १० ते १७ टक्केच कमी झालेले आढळले. जिथे जुन्या शेगड्यांच्या जागी अधिक कार्यक्षम मध्यवर्ती तापनयंत्रणा बसवली, तिथे तर इंधनात लक्षणीय घट दिसलीच नाही.

यातला एक भाग निव्वळ कामचुकारपणाचा होता. अवरक्त किरणांच्या कॅमेऱ्याने भिंतींची छायाचित्रे घेतली, तेव्हा भरलेल्या म्हणून नोंदलेल्या भिंतींचा सरासरी पाचवा हिस्सा आणि माळ्याचा सुमारे आठवा हिस्सा थरावाचूनच राहिलेला दिसला. (कागदावर पुरे झालेले काम मोजायला कॅमेरा लागतो, हे तिकडेही खरे.) पण दुसरा भाग अधिक विचार करण्याजोगा आहे. थर आणि तापनयंत्रणा दोन्ही मिळालेल्या घरांत दिवसा बैठकीची खोली सरासरी १.६ अंशांनी आणि रात्री झोपायची खोली २.८ अंशांनी अधिक उबदार झाली होती. सहानंतर हीटर बंद करणाऱ्या आजीबाई आठवा. त्यांच्याकडे वाचवायला इंधन होतेच किती? घराची गळती थांबल्यावर त्यांनी बचतीच्या बऱ्याच भागाची ऊबच घेतली. इंधनखात्याच्या वहीत ही योजना निम्मी फसली, आरोग्यखात्याच्या वहीत ती बऱ्यापैकी लागू पडली. वही कोणाची हे आधी ठरवल्याशिवाय योजना यशस्वी की अयशस्वी, या प्रश्नाला अर्थ नाही.

पात्रतेचे दुखणे मात्र कोणत्याही वहीत बसत नाही. ठरावीक सरकारी भत्ते घेणाऱ्यांनाच वॉर्म फ्रंटचे अनुदान मिळे, कारण भत्त्याची यादी तयार असते आणि घराची गळती घरोघर जाऊन मोजावी लागते. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २००९ मध्ये दाखवून दिले की इंधन-दरिद्री असलेल्या दुर्बल कुटुंबांपैकी ५७ टक्के कुटुंबे हे भत्ते घेतच नव्हती, म्हणून अपात्र. आणि जी पात्र होती त्यांतली जवळजवळ ७५ टक्के इंधन-दरिद्री असतीलच असे नव्हते. सोयीची खूण आणि खरी गरज यांतले हे अंतर आहे. आपल्याकडच्या शिधापत्रिकांच्या रंगांवरून वाचकांना त्याची कल्पना येईल.

न्यूझीलंडचा प्रयोग

अनुदानाने आरोग्य सुधारते, हे सिद्ध कसे करायचे? थर घातलेल्या आणि न घातलेल्या घरांची नुसती तुलना करून भागत नाही. अर्ज करणारी माणसे मुळातच अधिक जागरूक असू शकतात. एकाच घराची आधीची आणि नंतरची स्थिती पाहावी, तर दोन हिवाळे सारखे नसतात. औषधाची परीक्षा घेताना चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट करतात, तसे घरांचे करायला हवे. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाच्या फिलिपा हॉडन-चॅपमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमके तेच केले.

त्या देशात नव्या घरांना उष्णतारोधन सक्तीचे झाले ते १९७८ पासून. त्याआधीची लाकडी घरे बहुतेक उघडीवाघडी. संशोधकांनी कमी उत्पन्नाच्या सात वस्त्यांतून १,३५० घरे निवडली. त्यांत ४,४०७ माणसे होती. प्रत्येक घरात निदान एकाला तरी श्वसनाचा त्रास असावा अशी अट होती. २००१ च्या हिवाळ्यात सर्व घरांची नोंद घेतली. मग चिठ्ठीप्रमाणे निम्म्या घरांना २००२ च्या हिवाळ्यापूर्वी थर घातला आणि उरलेल्यांना तो हिवाळा सरल्यावर. ही रचना मला फार आवडते. तुलनेसाठी गट मिळाला, आणि वंचित मात्र कोणीच राहिले नाही.

निकाल २००७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आले. झोपायच्या खोलीचे सरासरी तापमान वाढले अवघे अर्धा अंश. एवढ्याने काय होणार, असे कोणीही म्हणेल. पण सरासरी फसवी असते. खोली १० अंशांखाली राहण्याचा काळ रोज १.७ तासांनी घटला होता, आणि सापेक्ष आर्द्रता २.३ टक्क्यांनी उतरली होती. इंधनाचा वापर थर न घातलेल्या घरांच्या ८१ टक्के झाला. आरोग्यासाठी संशोधकांनी शक्यता-गुणोत्तर वापरले. ते एक आले तर दोन गटांत फरक नाही, एकाहून जितके कमी तितका थर घातलेल्यांचा फायदा. प्रकृती बरी नसल्याचे सांगण्याबाबत ते ०.५० आले, छातीतल्या घरघरीबाबत ०.५७, मोठ्यांनी कामावर दांडी मारण्याबाबत ०.६२. मुलांच्या शाळेतल्या गैरहजेरीबाबत ०.४९. शिक्षकांनी या शेवटच्या आकड्याशी क्षणभर थांबावे. हजेरीपटावरच्या काही फुल्यांचे कारण घराच्या छपरात असू शकते.

श्वसनविकारांनी रुग्णालयात दाखल होणेही कमी झालेले दिसले, परंतु त्या घटना संख्येने थोड्या असल्यामुळे तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. संशोधकांनी तसे स्पष्ट लिहिले आहे.

या पुराव्याच्या पाठबळावर २००९ मध्ये न्यूझीलंड सरकारने मोठी योजना आखली. सन २००० पूर्वीच्या घरांना खर्चाच्या एक तृतीयांश अनुदान, आणि कमी उत्पन्नाचे सरकारी कार्ड असलेल्यांना ६० टक्के. पुष्कळ ठिकाणी उरलेली भर स्थानिक संस्थांनी घातली. २०१२ मध्ये तिचा लाभ-खर्च मांडला गेला, तेव्हा लाभ खर्चाच्या जवळजवळ चौपट निघाला. त्यातला बहुतांश आरोग्याचा होता, इंधनबचतीचा वाटा किरकोळ. भाडेकरूचा पेच मात्र अनुदानाने सुटला नाही. त्यासाठी २०१६ मध्ये कायदा करावा लागला, आणि १ जुलै २०१९ पासून भाड्याच्या घरात, शक्य असेल तिथे, छताला आणि जमिनीखाली रोधन असणे मालकावर बंधनकारक झाले.

पैसा आणि घाई

सगळीकडे असे नीट झाले नाही. ऑस्ट्रेलियाने २००९ मध्ये, जागतिक मंदीत रोजगार निर्माण व्हावा म्हणून, घरांच्या रोधनाची प्रचंड योजना घाईने सुरू केली. एका वर्षात दहा लाखांहून अधिक घरांवर काम झाले. रातोरात उभ्या राहिलेल्या ठेकेदारांनी अननुभवी पोरांना माळ्यांवर चढवले. चार तरुण कामगार मेले. एक उष्माघाताने, तिघे विजेच्या धक्क्याने. त्या तिघांपैकी दोघे ॲल्युमिनियमची चकचकीत फॉइल बसवत होते. फॉइल प्रारण परतवते म्हणून उष्णता रोखते. पण ती धातूची, म्हणजे विजेची उत्तम वाहक. धातूची पिन ठोकताना ती खालच्या वायरमध्ये घुसली तर सारे छतच जिवंत होते. फेब्रुवारी २०१० मध्ये योजना बंद झाली आणि २०१४ मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला. उष्णतेचा रोधक विजेचाही रोधक असेल असे नाही, हे शाळेत शिकवलेले वाक्य इथे जिवावर बेतले.

ब्रिटनने २०१३ मध्ये अनुदानाऐवजी कर्जाचा मार्ग काढला: थर आज घ्या, हप्ते विजेच्या बिलातून भरा. व्याज सात टक्क्यांच्या पुढे. २०१५ मध्ये ही कर्जे थांबवली तोवर सुमारे १४,००० घरांनीच ती घेतली होती. २०१३ मध्येच दुसरी सक्ती आली. वीज-वायू कंपन्यांनी गरिबांच्या घरांत रोधन करून द्यायचे, आणि खर्च सर्वांच्या बिलांवर चढवायचा. सरकारी तिजोरीतून एक पैसाही जात नव्हता म्हणून ही तरतूद मंत्र्यांना सोयीची वाटली. मला ती अन्यायाची वाटते, कारण ज्या गरीब घराला थर मिळाला नाही तेही इतरांच्या थराचे पैसे भरत होते, आणि करासारखी उत्पन्नाची पायरी बिलाला नसते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये लेखापरीक्षण कार्यालयाचा अहवाल आला तो याच व्यवस्थेतल्या अलीकडच्या योजनांविषयी. बाहेरून भिंतीला थर लावलेल्या घरांपैकी ९८ टक्के घरांत दुरुस्ती करावी लागेल असे मोठे दोष आढळले. अशी घरे २२ ते २३ हजार. आतून थर लावलेल्यांत हे प्रमाण २९ टक्के. माळ्यावर लोकर अंथरणे सोपे असते, भिंतीचे तसे नाही. बाहेरच्या थराच्या कडा छपराशी, खिडक्यांशी, पन्हळींशी नीट मिळवल्या नाहीत तर पाऊस थरामागे शिरतो आणि वाळायला वाट राहत नाही. फटी बुजवताना वाफ बाहेर जाण्याची सोय केली नाही तर आतली ओलही कोंडते. ज्या बुरशीवर उपाय म्हणून पैसा खर्च केला, तीच थराच्या आड वाढते.

ओल्या रोधकाचे काय होते हे वर्गात पाहता येते. सारखे तीन पत्र्याचे डबे घ्यावेत. एक उघडा ठेवावा, दुसऱ्याला कोरड्या गोणपाटाचे चार वेढे द्यावेत, तिसऱ्याला तेवढेच वेढे ओल्या गोणपाटाचे. तिन्हींत सुमारे ७० अंशांचे पाणी सारख्या मापाने शिक्षकांनीच ओतावे, झाकणे लावावीत आणि झाकणाच्या भोकातून घातलेल्या तापमापींवर दर पाच मिनिटांनी नोंद घ्यावी. सुरुवात करण्यापूर्वी मुलांना डब्यांचा क्रम लिहून ठेवायला सांगावे. कोरड्या गोणपाटाचा डबा सर्वांत उशिरा निवेल, हे बहुतेकांचे बरोबर येते. ओल्याचा डबा मधला, असे पुष्कळजण लिहितात. तो उघड्या डब्याच्याही आधी निवतो. गोणपाटाच्या धाग्यांतून हवेची जागा पाण्याने घेतलेली असते, पाणी हवेच्या वीसेक पट उष्णता वाहते, आणि वाफ होऊन जाताना ते डब्यातली उष्णता बरोबर घेऊन जाते.